गिळता न येणारी बुरशी
रक्तातल्या पांढऱ्या पेशी बुरशीला गिळून टाकतात, असं सर्रास म्हटलं जातं. कँडिडा ही बुरशी गोल यीस्टच्या (सुट्या पेशींच्या) रूपात असेल तर बरोबर. पण तिला लांब धागे फुटले की ते न्यूट्रोफिलच्या (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशीच्या) घशात मावत नाहीत. मग ही पेशी चक्क स्वतःचा डीएनए बाहेर फेकते. बुरशीनाशक प्रथिनं चिकटलेल्या त्या जाळ्यात धागे अडकतात. बहुतेकदा त्यात पेशीचाही जीव जातो!

शिवाय 'प्रतिकारशक्ती कमी' एवढं म्हणून भागत नाही. एचआयव्हीत सीडी४ नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी घटल्या की तोंडात कँडिडाचा पांढरा थर येतो, पण रक्तात ती सहसा पसरत नाही. केमोनंतर न्यूट्रोफिल घटले की मात्र पंचाईत. २०२१च्या म्युकरमायकोसिसमध्येही ('काळी बुरशी') वाढलेली साखर आणि स्टेरॉइड यांनी न्यूट्रोफिलनाच ढिलं पाडलं होतं.