प्रदर्शनातील गाडी आणि पांदण रस्ता
वाहन प्रदर्शनात मांडलेल्या नमुना-गाड्या (कन्सेप्ट कार) म्हणजे निव्वळ दिखावा, असे मत काही जण मांडतात; ते मला पटत नाही. ब्यूक या अमेरिकी कंपनीची १९३८ मधील ‘वाय-जॉब’ विक्रीसाठी नव्हतीच, लोकांचा कल अजमावण्यासाठी होती. टाटांनी फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रेटर नोएडात दाखवलेली ‘एचबीएक्स’ मात्र २०२१ मध्ये ‘पंच’ या नावाने, थोडी सौम्य होऊन, खरोखर रस्त्यावर उतरली.

माझी खंत वेगळी आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्यात कापूस विकून हाती पैसा आला की शेतकरी गाडी पाहतो, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर ती निघेल का, हेच आधी विचारतो. अशी एखादी नमुना-गाडी कंपन्यांनी दिवाळीनंतर बाजार समितीच्या आवारातही उभी करावी, असे मला मनापासून वाटते.