मॅट वार्निश मारलं आणि रणगाडा पांढरा पडला. सगळं खरवडू का?

पाटीवाला, चिपळूण
नमस्कार मंडळी. तीस वर्षं दुकानांच्या पाट्या नि ट्रकच्या पाठी रंगवल्या, फ्लेक्स आला आणि हात रिकामा झाला. नगरच्या रणगाडा संग्रहालयात मी सेंचुरियन रणगाड्यासमोरून हलेना, ते बघून भाच्याने १:३५ चा किट आणून दिला. १९७१ च्या बसंतरच्या लढाईतला, पूना हॉर्स रेजिमेंटचा करायला घेतलाय. हिरवा छान बसला. नंबर डबल झीरोच्या ब्रशने हातानेच काढले. आयुष्य अक्षरं काढण्यात गेलं, आता स्टिकर काय चिकटवायचे! परसातली माती चहाच्या गाळणीतून गाळली, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवली आणि चाकांना फासली.

परवा संध्याकाळी बाहेर पाऊस धो धो, आणि मी ओटीवर बसून स्प्रेच्या डब्यातलं मॅट लॅकर मारलं. दहा मिनिटांत टरेटवर (वरच्या फिरत्या बुरुजावर) भस्म! पुसलं तरी जाईना. बायको विचारते, "लढाई काश्मिरात नेलीत का?" गणपतीत वाडीच्या मंडळात मांडायचा आहे. उपाय सांगा.

ओला ब्रश, ठाणे
काका, खरवडू नका, रंग शाबूत आहे. लॅकरमधलं सॉल्व्हंट भराभर उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी तिथेच धरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच. ते पाणी थरात अडकलं की पांढरं दिसतं.

पाऊस उघडेल त्या दिवशी दुपारी त्याच कंपनीचं ग्लॉस, म्हणजे चकचकीत लॅकर मारा, अगदी हलका हात. खालचा थर जरासा विरघळतो, पाणी निघून जातं. दुसऱ्या दिवशी परत मॅट. डबा आधी कोमट पाण्यात ठेवा (कोमटच, गॅसजवळ नेऊ नका), भरपूर हलवा, वीतभरापेक्षा जास्त लांबून मारा. आणि आधी रणगाड्याच्या पोटाखाली करून बघा, तिथे कोणी वाकून बघत नाही. हार्डवेअरमधला रंग पातळ करायचा एनसी थिनर मात्र लांब ठेवा, प्लास्टिक खातो तो.

नगरी चाक
पांढऱ्याचं मिटेल हो, मला ती माती खुपतेय. बसंतर पाकिस्तानातल्या शकरगडच्या भागातली नदी. तिथली माती गाळाची, फिकट, राखाडीकडे झुकणारी. तुमचा रणगाडा थेट कुंभार्ली घाटातून उतरल्यासारखा दिसत असणार! किराणा दुकानातली मुलतानी माती आणा, चिमूटभर कोळशाची पूड घाला. कोरडीच ब्रशने लावा, तीही मॅटच्या नंतर. वरून वार्निश मारलंत तर धूळ गायब होते.

ढेकळं मोजून बघा. १:३५ ला ३ मिलिमीटरचा खडा म्हणजे खरा १० सेंटिमीटरचा धोंडा. गाळणी पुरत नाही, ओढणीच्या कापडातून वस्त्रगाळ करा.

गंज लावलाय का? युद्ध ३ डिसेंबरला पेटलं, बसंतरला पूना हॉर्सचे अरुण खेत्रपाल लढले ते १६ तारखेला. तेरा दिवसांत अंगावर गंजाचे ओघळ येत नाहीत. मागच्या मडगार्डवरचे सायलेन्सर तेवढे तांबूस करा. पट्ट्यांचा जमिनीला घासणारा भाग ६बी पेन्सिलीने घासा, पोलाद चमकायला लागतं.

पाटीवाला, चिपळूण
पकडलंत! गंज लावला होता, तोही गेरूचा. दिवाळीच्या किल्ल्याची सवय, गेरू आणि अळीव टाकले की झालं काम. आणि ट्रक रंगवताना गंज लपवण्याचे पैसे मिळायचे, इथे तो मुद्दाम काढायचा म्हटल्यावर हात जरा सैल सुटला.

पाटीवाला, चिपळूण (आठ दिवसांनी)
रविवारी तीन तास ऊन होतं. ग्लॉस मारताच समोर बसून राहिलो. पांढरं आधी कडांवरून हटलं, मग मधलं, खालचा नंबर हळूहळू वर आला. पाटी पुसल्यावर जुनं नाव दिसतं तसा. टरेटच्या मागे रुपयाएवढा डाग राहिलाय, तिथे लॅकर जाड बसलं असणार. टिश्यू पेपर फेव्हिकॉलात भिजवून त्याची ताडपत्री केली आणि डागावर टाकली. ओघळ टर्पेंटाईनच्या बोळ्याने काढले, त्यात डावीकडच्या एका आकड्याची शेपटी गेली, परत काढली. मुलतानी मातीसाठी बायकोच्या डब्यात हात घातला, ते अजून तिला कळलेलं नाही.

आता पेटी. तोफेसकट २८ सेंटिमीटर भरतो. काच घ्यावी की ॲक्रिलिक? मंडळात पोरं फार.

ओला ब्रश, ठाणे
पोरं आहेत तर ॲक्रिलिकच, आतून ३२ सेंटिमीटर तरी लांब ठेवा. कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. आणि काका, ती तोफ आरतीच्या ताटाकडे करू नका, कापूर घेताना कोणाची तरी बाही अडकेल.