फाशी बंद करा म्हणणाऱ्यांचं नेमकं म्हणणं तरी काय आहे?

साखळीकर_मामा
नमस्कार मंडळी. चवथीच्या आदल्या रात्री घरी माटोळी बांधायचं काम चालू होतं, मी स्टुलावर आणि भाची खालून आंबाड्यांचे घोस देतेय. टीव्हीवर कुठल्यातरी खुनाची बातमी लागली आणि मी सहज बोलून गेलो की असल्यांना चौकात लटकवलं पाहिजे. भाची पणजीला लॉ करते. ती म्हणाली, मामा, फाशीच बंद व्हायला पाहिजे. झालं! मेहुणा, काका, शेजारचे, सगळे तिच्यावर तुटून पडले. शेवटी काकी ओरडली, उद्या देव बसायचाय आणि तुम्ही फासाच्या गोष्टी कसल्या करताय.

आम्ही सगळ्यांनी तिला एकच विचारलं, आपल्या घरातल्या कोणाचं असं झालं असतं तर? पोर गप्प झाली. पण नंतर मलाच बरं वाटेना, कारण तिला गप्प केलं म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही ना. मी स्वतः फाशीच्याच बाजूचा आहे, पण दुसरी बाजू एकदा नीट ऐकायची आहे. शिवीगाळ नको प्लीज.

डोंगरी_78
दुसरी बाजू काय ऐकायची त्यात, मेलेल्या माणसाला मानवाधिकार नसतात का? शिरोड्याचा तो दुपट्टा किलर, दुपट्ट्याने गळा आवळून मारणारा महानंद नाईक, 2009 ला सापडला, इतक्या पोरी मारल्या आणि शेवटी जन्मठेप. आपल्या पैशाने जेवतोय.

काळा_कोट
मामा, मी वकील आहे, फौजदारीच करतो, तेव्हा थोडं लांबेल.

दयामाया बाजूला ठेवा, मी त्या वाटेने जातच नाही. माझं म्हणणं एवढंच की कोर्ट चुकतं, आणि साध्या केसमध्ये चुकलं तर माणूस सोडता येतो, पैसे देता येतात, फाशीत काय देणार? आता हे हवेत नाही बोलत. 2003 मध्ये नाशिककडे एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाला, अत्यंत भयानक प्रकरण. भटक्या समाजातले सहा जण पकडले. सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेप केली आणि 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने काय केलं तर त्या तिघांनापण परत फाशीवर नेऊन बसवलं. म्हणजे देशातलं सगळ्यात वरचं कोर्ट. मग 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने केस पुन्हा ऐकली आणि सहाही जण निर्दोष! वाचलेल्या बाईने पोलिसांच्या फोटोंमधून दुसरीच चार माणसं ओळखली होती आणि तो कागद धड पुढे आलाच नव्हता. सोळा वर्षं जेलमध्ये, त्यातला एक जण तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला. प्रत्येकी 5 लाख भरपाई. मधल्या काळात फास लागला असता तर ते 5 लाख कोणाच्या हातात ठेवले असते सांगा.

आणि हे एकच नाही हां. पुण्याच्या 1994 च्या हत्याकांडातला एक फाशीचा कैदी 2023 मध्ये सुटला कारण गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा निघालं. अठ्ठावीस वर्षांनी.

दुसरं म्हणजे फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' केसमध्येच द्यायची हा नियम. 1980 च्या बच्चन सिंग निकालापासून हे शब्द आहेत पण दुर्मिळ म्हणजे नेमकं काय ते बेंच बदललं की बदलतं. 2012 मध्ये 14 निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्र लिहिलं की 13 जणांच्या फाशा चुकीच्या तत्त्वावर दिल्या गेल्यात, त्या कमी करा. निवृत्त न्यायाधीशांनी हां, एनजीओवाल्यांनी नाही. 2015 मध्ये लॉ कमिशनने, म्हणजे सरकारला कायद्यात बदल सुचवणाऱ्या आयोगाने, 262 व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी सगळ्या गुन्ह्यांची फाशी रद्द करा असंच सांगितलंय.

आणि डोंगरीबाब, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षांत बाहेर हा गैरसमज आहे. 2008 पासून सुप्रीम कोर्ट 'मरेपर्यंत, सूट नाही' अशी जन्मठेप देतंच आहे. माणूस बाहेर येऊ नये हीच काळजी असेल तर त्याला उपाय आहे.

डोंगरी_78
वकिलांना काय, फी मिळाली की झालं.

काळा_कोट
सेशन्समधले माझे निम्मे अशील फी बुडवतात, त्यांना कृपया हे सांगा.

झेरॉक्सवाला
मी कधी लिहीत नाही इथे पण वकीलसाहेबांचं वाचून राहवलं नाही.

माझं मार्केटात दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका खुनाच्या केसमध्ये पोलीस आले, शेट जरा पाच मिनिटं चला, पंच पाहिजे, म्हणजे पंचनाम्याला साक्षीदार. ती पाच मिनिटं म्हणजे तीन तास. आरोपीला घेऊन ओढ्याकाठी गेलो, त्याने म्हणे कोयता लपवलेली जागा दाखवायची होती. पाऊस भुरभुरत होता, साहेब जीपच्या बॉनेटवर प्लास्टिक धरून पंचनामा लिहीत होते, तोपण इंग्रजीत, आणि मला सही कर म्हणाले. केली. दुकान उघडं टाकून आलेलो, कधी एकदा जातो असं झालेलं. झुडपातून कोयता आरोपीने काढला की हवालदाराने ते खरं सांगतो मी बघितलं नाही, मी मागे होतो, पायाला जळू लागली होती ती काढत होतो.

चार वर्षांनी समन्स. कोर्टाबाहेर सकाळी एकाने मला पंचनामा वाचून दाखवला. आत गेल्यावर आरोपीच्या वकिलाने विचारलं कोयता पेपरात गुंडाळला की प्लास्टिकच्या पिशवीत? मी म्हटलं पेपरात. का? कारण सकाळी तसं वाचून दाखवलं होतं. खोटं बोलायचं मनात नव्हतं हो, पण खरं काय ते मला आठवतच नव्हतं. आठवत होता तो पाऊस आणि आरोपीच्या एका पायात चप्पल नव्हतं तेवढं. फाशीबिशी देतात ती अशा माझ्यासारख्यांच्या सांगण्यावरच ना शेवटी.

भाटातली_माई
झेरॉक्सवालेदादा, तुम्ही मनापासून लिहिलंत पण मला एक सांगा, ज्या आईची मुलगी गेली तिला हे पंचनामे नि कमिशनं सांगून काय उपयोग? तिला न्याय नको?

काळा_कोट
माई, पाहिजेच. पण फाशी सुनावली की त्या आईला वीस वर्षं तारखा खाव्या लागतात. लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचं बघा, 1996 ला अटक, 2001 ला फाशी सुनावली, 2006 ला सुप्रीम कोर्टाने कायम केली, मग दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर जवळजवळ आठ वर्षं पडून, आणि त्या दिरंगाईपायी 2022 मध्ये हायकोर्टाने जन्मठेप केली. ज्यांची लहान मुलं गेली त्या आईबापांनी पंचवीस वर्षं नुसतं पेपर वाचायचं. त्यापेक्षा पाच वर्षांत पक्की जन्मठेप झाली असती तर बरं नाही का.

आणि फाशीने गुन्हे कमी होतात म्हणावं तर कॅनडाने 1976 ला ती बंद केली, नंतर खुनांचं प्रमाण वाढलं नाही, खालीच आलं. माणूस घाबरतो पकडला जायला, पुढची शिक्षा काय ते त्या क्षणी डोक्यात नसतं. पंचवीसेक वर्षांत एकपण अशील भेटला नाही ज्याने कलम वाचून मग कोयता उचलला.

जुना_गोमंतक
आपल्याकडची गंमत कोणी सांगितलीच नाही. पोर्तुगालने लष्करी सोडून बाकी गुन्ह्यांची फाशी 1867 मध्येच बंद केली आणि 1870 ला ते वसाहतींनाही लागू केलं, म्हणजे गोव्यातपण. आमच्या पणजोबांच्या काळात इथे खुन्याला कायद्याने फाशी नव्हती, आणि ती परत आली 1961 नंतर, भारताच्या कायद्याबरोबर! नेपाळ-भूतानने सुद्धा बंद केलीय, आपण मात्र धरून बसलोय. आणि आंबेडकर घटना समितीत 1949 ला म्हणालेच होते की फाशी रद्दच करावी हे त्यांना जास्त पटतं.

डोंगरी_78
पोर्तुगीजांचे गोडवे नकोत हां! 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींना गोळ्या घातल्या त्या कुठल्या कलमाखाली? आणि त्यांच्याविरुद्धच्या 1787 च्या पिंटोंच्या बंडातल्या लोकांना काय केलं ते पण सांगा.

जुना_गोमंतक
पिंटोंचं बंड कायद्याच्या आधीचं, ते सोडा. पत्रादेवीचं तुमचं बरोबर, तिथे माझी बोलती बंद. माझे आजोबा त्या दिवशी पेडण्यात होते, त्यांनी उरलेला जन्म पोर्तुगीज शब्द घरात बोलू दिला नाही. तरी मी म्हणेन की सरकारने कायदा न विचारता माणसं मारली याचा अर्थ सरकारला विचारून मारायचा अधिकार द्यावा असा कसा निघतो? उलट मला तर तो हात अजून आखडता घ्यावासा वाटतो.

डोंगरी_78
हे जरा गोल गोल झालं. पण बरं, विचार करतो. अतिरेक्यांचं मात्र मी ऐकणार नाही, कसाबला लटकवला ते योग्यच झालं.

भाटातली_माई
दादा, मग त्या केसचं पुढे काय झालं? तो आरोपी?

झेरॉक्सवाला
माहीत नाही माई. परत कोणी बोलावलं नाही. येण्याजाण्याचा भत्ता मिळेल म्हणाले होते तो पण आला नाही.

साखळीकर_मामा
सगळ्यांचे आभार. धागा भाचीला पाठवला. ती म्हणते 2019 चं ते जजमेंट स्वतः वाचा मामा, मग बोलू. डाउनलोड केलंय, सगळं इंग्रजीत, चष्मा लावून पान सहापर्यंत आलोय. कसाबचं काय करायचं ते तिलाच विचारतो, रविवारी येतेय ती.