‘सिग्नल पडला’ : गाडी निघाली की थांबली?

अनुवादिका : एका निवृत्त स्टेशनमास्तरांच्या आठवणींचे मी इंग्रजी भाषांतर करत आहे. ‘सिग्नल पडला आणि फलाटावर एकच धांदल उडाली’ या वाक्याचा अर्थ मी ‘गाडी येण्याची खूण झाली’ असा लावला. पुण्यातल्या भाच्याच्या मते मात्र सिग्नल पडला की वाहने थांबतात.

रूळकाठ : आपलाच अर्थ बरोबर आहे. माझे आजोबा केबिनमध्ये होते. जुन्या सिग्नलचा हात आडवा असला म्हणजे ‘थांबा’. केबिनमधला खटका ओढला की तार ताणली जाऊन तो हात 45 ते 60 अंश खाली झुके, आणि मग गाडी पुढे जाई. ‘हात पडला’ असेही ते म्हणत.

खटपट्या : हे सर्वत्र लागू नाही. वर उठणाऱ्या हाताच्या सिग्नलमध्ये 45 अंश म्हणजे सावधान आणि सरळ उभा हात म्हणजे मोकळी वाट. तिथे तार तुटलीच, तर हात स्वतःच्या वजनाने खाली येऊन आडवा होतो, म्हणजे ‘पडला’ की गाडी थांबलीच पाहिजे. मास्तरांच्या स्टेशनात कोणता हात होता, हे आधी पाहावे.

शुद्धमती : मुळात ‘संकेतक’ हा शब्द असताना सिग्नल कशाला? आणि ‘पडला’ हे हिंदीचे वळण वाटते.

रूळकाठ : पाऊस पडतो, उजेड पडतो, गाठ पडते, ही सारी हिंदीचीच देणगी म्हणावी काय? शिवाय ‘अग्निरथगमनागमनसूचक’ अशी सुरू होणारी शब्दमाला आपण शाळेत हसण्यासाठीच पाठ केली होती.

चौकवासी : चौकात मी ‘सिग्नल लागला’ म्हणजे लाल आणि ‘सुटला’ म्हणजे हिरवा असेच ऐकले आहे, ‘पडला’ दोन्हीकडे चालतो. रेल्वेच्या इंग्रजीत थांबवणाऱ्या सिग्नलला ‘ऑन’ आणि वाट देणाऱ्याला ‘ऑफ’ म्हणतात. ‘लागला’ हा त्या ‘ऑन’चाच अवतार असावा, असा माझा लाडका तर्क आहे.

खटपट्या : तर्क गोड आहे, पण दारही लागते आणि त्याला रेल्वे लागत नाही.

अनुवादिका : पुढच्याच पानावर ‘गोळा मिळाला नाही म्हणून मालगाडी अडली’ असे वाक्य आहे. हा गोळा कसला?

रूळकाठ : एकेरी मार्गावरचा पोलादी गोळा. पुढच्या स्टेशनाने संमती दिल्यावरच तो यंत्रातून निघे आणि ड्रायव्हरच्या हाती पडला की तेवढा टप्पा त्या एकाच गाडीचा होई.

शुद्धमती : पाहा, इथेही ‘पडला’ आलाच.