मदत हवी आहे: बाटलीतले कोळी अरेनियस की निओस्कोना (कोळ्यांचे दोन वंश)?

नमस्कार मंडळी. फोंड्यात कॉलेजच्या म्युझियममधले चक्राकार जाळं विणणारे कोळी तपासतोय. लेबलवर फक्त ‘अरेनियस, मोलें’ (वंश आणि गोव्यातलं गाव), तेही शाई विटलेलं. अल्कोहोलमध्ये रंग केव्हाच उडालाय, त्यामुळे पाठीवरच्या नक्षीचा भरवसा नाही. पण शिरोवक्षावरची (डोकं-छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावरची) खाच उभी, लांबट दिसते. अरेनियसची आडवी असते. म्हणजे निओस्कोनाच असावेत. (नाहीतरी पूर्वी गोल पोटाचा कोळी दिसला की अरेनियसमध्ये ढकलायचे!)

खात्रीसाठी मादीचं एपिगाईन (पोटाखालचा जननेंद्रियाचा कडक भाग) काढायचंय. ते साफ करून आतलं नीट दिसावं म्हणून इतक्या जुन्या, कडक नमुन्याला कॉस्टिक पोटॅश झेपेल, की लवंगेचं तेलच बरं? आणि कोलकात्याच्या प्राणी सर्वेक्षण विभागाकडून टाइप नमुन्यांचे (ज्यांवरून जातीचं मूळ वर्णन झालं त्या नमुन्यांचे) फोटो कुणी मागवलेत का? अर्ज कसा करायचा?