ट्रेलर ओढायला गॅस की डिझेल? माझं मत: आपल्यासारख्या कुटुंबांनी गॅसचाच ट्रक घ्यावा

प्लेनोकर (टेक्सास)

नमस्कार मंडळी. पाच वर्षं तंबूत आणि भाड्याच्या आरव्हीत (चाकांवरच्या घरात) काढल्यावर यंदा आम्ही स्वतःचा फिफ्थ व्हील ट्रेलर (ट्रकच्या हौद्यात अडकवायचा) पक्का केलाय. कोरडं वजन ८,९०० पाउंड. पाणी, प्रोपेनच्या टाक्या, भांडीकुंडी, आईची आरामखुर्ची असं सगळं भरून १०,५०० धरतो. आता ओढायला ट्रक हवा. फोर्ड एफ-२५० वर मन बसलंय. प्रश्न इंजिनाचा आहे: ७.३ लिटरचं गॅस व्ही-८ की ६.७ लिटरचं पॉवर स्ट्रोक डिझेल? (भारतातल्या वाचकांसाठी: इथे गॅस म्हणजे आपलं पेट्रोल.)

गेले दोन महिने ज्याला विचारावं तो म्हणतो, "ओढायचंय ना? मग डिझेल." मला हे पटत नाही. खोडून काढायचं असेल तर आकड्यांनिशी काढा.

टॉर्क (इंजिनाचा पीळ) बघून डोळे दिपतात, मान्य. गॅसचं ४३० हॉर्सपॉवर आणि ४८५ पाउंड-फूट, डिझेलचं ४७५ आणि १,०५०. पण ट्रक किती ओढतो हा आकडा संपायच्या कितीतरी आधी, तो पाठीवर किती पेलतो (पेलोड) हा आकडा संपतो. फिफ्थ व्हीलची पिन थेट हौद्यात टेकते आणि ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भार ट्रकवर टाकते. गेल्या रविवारी डीलर बंद असताना मी लॉटवर गेलो आणि काचेतून फोनचा टॉर्च मारून दारांवरचे स्टिकर वाचता येतात का ते पाहिलं. जमलं नाही. मग सोमवारी सेल्समनला एकेक दार उघडायला लावलं. सारख्याच सजावटीचे दोन ट्रक शेजारी उभे होते. गॅसच्या दारावर पेलोड ३,०१२ पाउंड, डिझेलच्या दारावर २,२४६. डिझेल इंजिन आणि त्याचा लवाजमा जड, त्यामुळे तेवढं वजन आपल्या वाट्यातून जातं.

आता माझा हिशोब. पिन २० टक्के म्हणजे २,१००. हिच (हौद्यातली जोडणी) १५०. आम्ही चौघं ५६०. हौद्यातलं सामान १५०. एकूण २,९६०. गॅसमध्ये बसतं. डिझेलमध्ये ७१४ पाउंड जास्त होतं. म्हणजे ज्या ट्रकला सगळे "ओढायला दणकट" म्हणतात तोच माझा ट्रेलर नियमात राहून ओढू शकत नाही.

पैशांचं बघा. डिझेल इंजिनासाठी साधारण १०,००० डॉलर जास्त पडतात. मी वर्षाला ९,००० मैल चालवणार, त्यातले ३,००० ट्रेलरसह. ओढताना गॅलनमागे गॅसला ८ मैल आणि डिझेलला ११, रिकामं असताना १४ आणि १८ असं धरलं. गॅस ३ डॉलर, डिझेल ३.६० धरलं. (डिझेलवर केंद्राचा करही जास्त: गॅलनला २४.४ सेंट, गॅसवर १८.४.) वर्षाची बचत निघते २३० डॉलरच्या आसपास. डीईएफ (धूर स्वच्छ करायचं द्रावण), डिझेलचे फिल्टर आणि मोठं ऑइल चेंज त्यातूनच जाणार.

शिवाय हे ७.३ मुद्दाम साधं ठेवलेलं इंजिन आहे. लोखंडी ब्लॉक, पुशरॉड, टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नाही. डिझेलचा हाय-प्रेशर पंप फुटला की धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि टाकीपासून पुढचं सगळं बदलावं लागतं. आमच्या गल्लीतल्या एकाला, वॉरंटी संपल्यावर, पाच आकडी बिल आलं. त्याचा चेहरा मी पाहिलाय.

खिंडवाला (कोलोरॅडो स्प्रिंग्स)

प्लेनोकर, तुमचा हिशोब व्यवस्थित आहे, पण तो सपाट जमिनीवरचा आहे. ट्रेलर घेऊन प्लेनोतच फिरणार असाल तर मी गप्प बसतो. पण इथे ट्रेलर घेणारा प्रत्येक टेक्सासकर दुसऱ्याच उन्हाळ्यात कोलोरॅडोत येतो.

आधी चढ. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. तिथे तुमचे ४३० घोडे २९० च्या आसपास उरतात. टर्बो डिझेलला विरळ हवेचा इतका फटका बसत नाही. पण चढाचं मी फार ताणणार नाही. उजव्या लेनमध्ये ताशी ४० मैलांनी, इंजिन ओरडत का होईना, तुम्ही वर पोचाल.

माझं भांडण उताराशी आहे. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे आठ मैल सलग उतार, ७ टक्क्यांपर्यंत. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला खडीचे रॅम्प बांधलेत, आणि ते शोभेचे नाहीत. सात वर्षांपूर्वी मी जुन्या गॅस ट्रकला ९,००० पाउंडांचा ट्रेलर लावून तिथून उतरत होतो. दुसऱ्या गिअरमध्ये होतो, इंजिन मिनिटाला ४,५०० फेऱ्यांच्या वर, तरी वेग चढत होता. म्हणून ब्रेक दाबत राहिलो. पाचव्या मैलावर बायको म्हणाली, "काहीतरी जळतंय." मला तो वास आधीच आला होता, मी बोललो नव्हतो. खाली थांबलो तेव्हा ट्रेलरच्या मागच्या चाकातून धूर येत होता आणि हब हात लावून घेत नव्हतं. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. तिला उठवलं नाही, पण माझे पाय बराच वेळ थरथरत होते.

वडील एसटीत ड्रायव्हर होते. पसरणी घाटात मला शेजारी बसवून सांगायचे, "ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर." मी ते पाळलं होतं. पुरलं नाही.

आता डिझेल आहे. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं की टर्बोची पाती मिटतात, बाहेर जाणारा धूर अडतो आणि त्या दाबाविरुद्ध काम करताना इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. तोच उतार मी हल्ली पायाचा ब्रेक दोन-तीनदा टेकवून उतरतो. तुमच्या २३० डॉलरच्या हिशोबात हा रकाना कुठे आहे?

वडापाव_ट्रेलर (एडिसन, न्यू जर्सी)

मी प्लेनोकरांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे. माझा ७,००० पाउंडांचा फूड ट्रेलर आहे. "ओढायचंय ना" म्हणून दीराने सेकंडहँड डिझेल घ्यायला लावला. रोजचा प्रवास सहा मैल जायचा, सहा यायचा, आणि जागेवर पोचले की ट्रक दिवसभर उभा.

डिझेलच्या धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत साठते. ती जाळून टाकायला ट्रक स्वतःच एक्झॉस्ट तापवतो, आणि त्यासाठी सलग वीस-पंचवीस मिनिटं चालवावं लागतं. माझा रस्ता पंधरा मिनिटांचा! दर वेळी ती जळणी अर्ध्यात तुटायची. पहिल्या हिवाळ्यात दिवा लागला, दुसऱ्या हिवाळ्यात दिवाळी मेळ्याच्या सकाळी ट्रक लिंप मोडमध्ये गेला (बिघाड झाला की इंजिन स्वतःच ताकद आवरतं). चाळीस किलो बटाटे उकडून ठेवलेले आणि गाडी ताशी पंचवीसच्या वर जाईना. मेकॅनिकने स्वच्छ सांगितलं, "ताई, ट्रक चांगला आहे, तुमचं काम त्याच्या जोगं नाही." आता गॅसचा २५०० (एफ-२५० च्याच वर्गातला ट्रक) आहे. कोण किती ओढतं एवढंच विचारू नका. कितीदा, किती लांब, आणि मधल्या दिवसांत ट्रक काय करतो, हेही विचारा.

अश्वचिकित्सक (केंटकी)

दोघांचंही वाचलं. मी घोड्यांचा डॉक्टर, वर्षाला २५,००० मैल, त्यातले निम्म्याहून जास्त ट्रेलरसह. कमिन्स इंजिनाचा रॅम आहे, २,४०,००० मैल झालेत. माझ्यासाठी गॅसचा प्रश्नच येत नाही.

पण प्लेनोकर, पेलोडचा मुद्दा तुम्ही डिझेलच्या माथी मारताय तो चुकीचा आहे. दोष एफ-२५० च्या १०,००० पाउंडांच्या एकूण वजनमर्यादेचा (ट्रक आणि त्यावरचा भार मिळून). तोच ट्रक एफ-३५०, एकेरी चाकांचा घ्या. हजारेक डॉलर जास्त, आणि पेलोड हजार पाउंडांहून जास्त वाढतो. डिझेल असूनही तुमचा ट्रेलर बसेल. उलट गॅसच्या २५० मध्ये तुमच्याकडे उरतात फक्त ५२ पाउंड. पिनचा भार २० ऐवजी २२ टक्के भरला तरी तुम्ही मर्यादेच्या बाहेर. २० टक्के हा तुमचा अंदाज आहे, तोललेलं वजन नव्हे.

१०,००० डॉलरचंही तसंच. विकताना त्यातले बरेचसे परत येतात.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. तीस फुटी ट्रेलर मागे लावून गॅसच्या पंपावर वळून बघा. कार उभ्या, छत ठेंगणं, बाहेर पडायला कोपरा तोकडा. डिझेलवाला ट्रकांच्या रुंद लेनमध्ये सरळ आत जातो आणि सरळ बाहेर पडतो. अमरिलोहून न्यू मेक्सिकोतल्या रॅटनकडे जाताना पंप विरळ होतात. तिथे ८ मैलांच्या सरासरीत हे कळेल.

डुलुथची_थंडी (मिनेसोटा)

फक्त एक भर. उणे ३० मध्ये डिझेल घट्ट होतं, रात्री ब्लॉक हीटरची (इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची) वायर लावून ठेवावी लागते. माझा गॅसचा ट्रक किल्ली फिरवली की चालू. उत्तरेकडच्यांनी हे धरूनच ठरवावं.

प्लेनोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारभर कागद घेऊन बसलो.

अश्वचिकित्सक, तुम्ही बरोबर आहात. ५२ पाउंडांच्या भरवशावर आईला आणि मुलांना बसवणं शहाणपणाचं नव्हतं. एफ-२५० रद्द. आता एफ-३५० बघतोय. पेलोडच्या नावाखाली डिझेल बाद केलं होतं ते चुकलंच, मागे घेतो.

पण गॅसवरून अजून हललो नाही. आमचं वर्ष खरोखर कसं जातं ते लिहून काढलं. सात महिने ट्रेलर उभाच. त्या काळात ट्रक मुलांना कराटेला सोडतो, कॉस्टकोला जातो, चार मैल, सहा मैल. वडापाववाल्या ताईंची गोष्ट मला माझीच वाटली. कोलोरॅडो वर्षातून एकदा, फार तर दोनदा. त्या दोन आठवड्यांसाठी उरलेले पन्नास आठवडे इंजिनाला न मानवणारं काम करवून घ्यायचं हे मला पटत नाही.

खिंडवाला, तुमचा धुराचा प्रसंग मी दोनदा वाचला, बायकोलाही वाचून दाखवला. त्यावर काय करणार ते सांगतो. मागचा अॅक्सल ४.३० गिअर-प्रमाणाचा घेणार, म्हणजे खालच्या गिअरात इंजिन जास्त धरून ठेवेल. ट्रेलरचे ड्रम ब्रेक काढून इलेक्ट्रिक-ओव्हर-हायड्रॉलिक डिस्क बसवणार. खर्च आहे, पण डिझेलच्या फरकाच्या निम्म्याहूनही कमी. आणि ट्रेलर पूर्ण भरून आधी ट्रकांच्या काट्यावर तोलणार, पिन आणि चाकं वेगवेगळी.

खिंडवाला

डिस्क ब्रेक जरूर बसवा, फार चांगला निर्णय. पण ब्रेक कितीही मोठे केले तरी उष्णता त्यांच्यातच साठते. एक्झॉस्ट ब्रेकने ती धुरावाटे बाहेर जाते. आठ मैलांच्या उतारावर हा फरक राहतोच. मी अजूनही डिझेलच म्हणेन.

गॅसच घेणार असाल तर एवढं करा. बोगद्याच्या आतच वेग ताशी ४० वर आणा, बाहेर पडल्यावर नव्हे. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाचा गिअर-मोड) लावा आणि गिअर हाताने खाली घ्या. इंजिन ४,५०० वर ओरडलं तर ओरडू द्या, त्याने त्याचं काही बिघडत नाही. ब्रेक सतत घासू नका. ४५ झाला की ठाम दाबून ३५ वर आणा आणि पूर्ण सोडा, पुन्हा ४५ होऊ द्या. ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागतील ते ठरवणारा) घरून निघताना सेट केला असेल तो बोगद्याच्या अलीकडे कुठेतरी थांबून पुन्हा तपासा. मागे रांग लागली तरी घाई करू नका.

प्लेनोकर

हे छापून डॅशबोर्डवर लावतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रॅटनमार्गे येतोय.

खिंडवाला

मग स्प्रिंग्सला मुक्काम करा. जेवायला आमच्याकडेच या. दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन आणि गर्दी व्हायच्या आत निघू. मी तुमच्या शेजारी बसतो, बायको आमचा ट्रक घेऊन मागून येईल. पहिल्यांदा तो उतार एकट्याने उतरू नका.