जुनं मोटरहोम: दुरुस्त करू की विकू?

भटक्या_ओहायो
मंडळी, सल्ला हवाय. आमचं २००४ चं क्लास सी मोटरहोम, म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं चालतं घर; फोर्ड ई-४५०, व्ही-१० इंजिन. इंजिन ठणठणीत आहे, पण ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगात पाणी झिरपतं. गादी उचलली तर कोपऱ्यातलं प्लायवूड बोटाने दबतं. वर्कशॉपवाला ६,५०० डॉलर मागतोय. बायको म्हणते, "विक आणि हॉटेलात राहू." मुलं तिच्याशी बोलत नाहीयेत.

डिझेलकाका
इंजिनाचं कौतुक राहू द्या, लाकूड बघा. ओलावा मोजायचं पिनवालं मीटर आणा आणि खिडक्यांच्या कडा, छतावरचे व्हेंट, मागचे कोपरे सगळीकडे टोचा. ओल एकाच कोपऱ्यात असेल तर दुरुस्ती करा. बाहेरचं फायबरग्लास फुगून आतल्या लाकडापासून सुटलं असेल, तर मात्र मोह सोडा.
आणि टायर! टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यात तो कधी बनला ते कळतं. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सात वर्षांच्या वर गेले असतील तर नक्षी कितीही शाबूत दिसो, सहाच्या सहा बदला.

पुणेकर_टेक्सासात
नवीन घेतलं तरी छताचं सीलंट (सांध्यांतून पाणी शिरू नये म्हणून लावलेला लेप) दरवर्षी तपासावंच लागतं, त्यातून सुटका नाही. रबराचं छत असेल तर सिलिकॉन फासू नका, नंतर त्यावर दुसरं काही चिकटत नाही. अशा छतांसाठी मिळणारं लॅप सीलंटच वापरा.

भटक्या_ओहायो
टोचून आलो. मागचे कोपरे कोरडे, भिंतीही सपाट. प्लायवूड मीच बदलेन म्हणतो. टायर २०१५ चे निघाले, ही बातमी बायकोला अजून दिलेली नाही.